कोलकात्यात शनिवारी रात्री कुटुंबासह जेवायचे आहे. पार्क स्ट्रीटवर कोणते रेस्टॉरंट निवडावे?

वर्धारोड

नमस्कार. डिसेंबरच्या दुसऱ्या शनिवारी आम्ही चौघे, म्हणजे आई, वडील, मी आणि माझी 19 वर्षांची मुलगी, नागपूरहून गीतांजली एक्सप्रेसने कोलकात्याला पोहोचत आहोत. गाडी वेळेवर असली तर दुपारी हावड्याला उतरू, सोमवारी परत निघू. मुक्काम न्यू मार्केटजवळ सदर स्ट्रीटच्या परिसरात आहे. दक्षिणेश्वर, व्हिक्टोरिया, संग्रहालय यांची आखणी झाली आहे. अडले आहे ते शनिवारच्या रात्रीच्या जेवणापाशी, आणि खरे सांगायचे तर या सहलीत मला सर्वांत महत्त्वाचे तेच वाटते.

त्याचे कारण वडील आहेत. ते रेल्वेत होते. नागपूर विभाग तेव्हा दक्षिण पूर्व रेल्वेकडे असल्यामुळे कोलकात्यातल्या गार्डन रीचच्या मुख्यालयात त्यांचे कामासाठी वरचेवर जाणे होई. काम आटोपल्यावर सहकाऱ्यांबरोबर ते पार्क स्ट्रीटवर चक्कर मारत, आतला बँड बाहेर ऐकू येई, पण त्या पगारात आत जाऊन बसण्याचा विचारही मनात येत नसे, असे ते आम्हाला अनेकदा सांगतात. आता त्यांचे वय 76 आहे. त्यांना तिथे आत नेऊन, माणसांनी भरलेल्या, गाणे-बजावणे असलेल्या जागी व्यवस्थित जेवू घालावे, अशी माझी फार इच्छा आहे.

अडचणी अशा की वडिलांना ऐकू कमी येते आणि ते दोन्ही कानांना श्रवणयंत्र लावतात. आई शाकाहारी आहे. कांदा-लसूण चालतो, अंडे चालत नाही. वडील, मी आणि मुलगी सर्व खातो. मुलीला ‘जिथे तिथलीच माणसे शनिवारी जातात’ अशी जागा हवी आहे. केवळ पर्यटकांसाठी सजवलेली नको. दारू कोणालाच घ्यायची नाही. खर्चाची फार काळजी नाही, पण पंचतारांकित हॉटेलातले शांत, कुजबुजत जेवण मात्र नको.

गजबज हवी आणि वडिलांना आमचे बोलणेही ऐकू यायला हवे, हे दोन्ही एकत्र जमेल का? तिथे राहणाऱ्या किंवा राहून आलेल्या मंडळींनी कृपया सविस्तर लिहावे.

सॉल्टलेककर

नमस्कार वर्धारोड. मी नोकरीनिमित्त बरीच वर्षे कोलकात्यात आहे आणि महाराष्ट्रातून पाहुणे आले की शनिवारी त्यांना घेऊन पार्क स्ट्रीटला जाणे हा आमच्या घरचा परिपाठ आहे. आपण लिहिलेले वाचून माझ्या मनात पहिले नाव आले ते ‘ट्रिंकाज’चे. आपल्या वडिलांनी बाहेर उभे राहून बँड ऐकला असेल, तर त्या काळी ज्या मोजक्या दारांतून तो ऐकू येई त्यांपैकी हे एक दार आहे, आणि ते आजही उघडे आहे.

थोडी पार्श्वभूमी सांगतो, म्हणजे निवड करणे सोपे जाईल. 1927 मध्ये सुरू झालेले ‘फ्लुरीज’ आणि त्याच्या समोरच्या बाजूचे ‘ट्रिंकाज’ या दोन्ही जागांची मुळे स्विस लोकांच्या चहा-केकच्या दुकानांत आहेत. ट्रिंकाज पुढे नव्या मालकांकडे गेले आणि तिथे जेवणाबरोबर रोजचा बँड आला. 1956 मध्ये ‘मोकाम्बो’ सुरू झाले. ‘ब्लू फॉक्स’मध्ये पियानोवादक लुई बँक्स, गायिका पॅम क्रेन आणि गोव्याचे सॅक्सोफोनवादक ब्राझ गोन्साल्विस वाजवत-गात असत, ते रेस्टॉरंट आता राहिलेले नाही. मुंबईत जन्मलेल्या, वाढलेल्या उषा उथुप 1960 च्या दशकाच्या अखेरीस ट्रिंकाजमध्ये साडी नेसून गायला उभ्या राहिल्या आणि तिथून त्यांचे नाव देशभर झाले. पुढे करमणूक कर आणि बदललेली परिस्थिती यांमुळे या रस्त्यावरचे बहुतेक बँड बंद पडले. ट्रिंकाजने मात्र गाणे सोडले नाही, आणि अलीकडच्या काळात तर तिथे पुन्हा तरुण गायक-वादकांची चांगली ये-जा सुरू झाली आहे.

शनिवारी रात्री तिथले वातावरण असे असते: एका टेबलावर आजोबांचा वाढदिवस, शेजारी महाविद्यालयातली पोरे, पलीकडे एखादे अँग्लो-इंडियन जोडपे, आणि मंचावर जुनी इंग्रजी गाणी, मधूनच हिंदी किंवा बंगाली. एखादे ओळखीचे गाणे लागले की तीन पिढ्या एकाच वेळी टाळ्यांचा ठेका धरतात. आपल्या मुलीला ‘तिथलीच माणसे’ हवी आहेत, तर ती इथे नक्की भेटतील. जेवणात तंदुरी, चिनी आणि कॉन्टिनेंटल असे तिन्ही प्रकार मिळत असल्याने आपल्या आईंची अडचण होणार नाही.

दोन गोष्टी सांभाळा. पहिली, फोन करून टेबल आधी राखून ठेवा आणि त्या वेळी बँड किती वाजता सुरू होतो हे विचारून घ्या, कारण कार्यक्रमानुसार वेळ बदलते. दुसरी, मंचापासून दूरचे टेबल मागून घ्या. आपले हॉटेल सदर स्ट्रीटला असल्याने मिर्झा गालिब स्ट्रीटने चालत गेलात तरी पार्क स्ट्रीटला पोहोचाल. नकाशात या रस्त्याचे नाव ‘मदर तेरेसा सरणी’ असे दिसले तर गोंधळून जाऊ नका. लोकांच्या तोंडी पार्क स्ट्रीटच आहे.

तारीख आपण फार चांगली निवडली आहे. नाताळ जवळ आला की रोषणाई पाहायला इतकी गर्दी लोटते की 25 तारखेला संध्याकाळी वाहने बंद करून अख्खा रस्ता चालणाऱ्यांना मोकळा करून द्यावा लागतो. वयस्कर माणसांना घेऊन त्या दिवशी तिथे जाण्याचा सल्ला मी देणार नाही. दुसऱ्या शनिवारी हवा थंड, रस्ता वाहता आणि रेस्टॉरंटे भरलेली असतात, पण पाय ठेवायला जागा असते.

श्रवणा

मी पुण्यात श्रवणतज्ज्ञ म्हणून काम करते. कोलकात्याच्या हॉटेलांविषयी माझ्यापेक्षा इतर मंडळी अधिक सांगू शकतील, पण श्रवणयंत्राचा मुद्दा या निवडीत मध्यवर्ती आहे, म्हणून लिहिते.

‘मंचापासून दूर बसा’ हा सल्ला योग्य आहे, पण पुरेसा नाही. बंद दालनात ध्वनिवर्धकावरून गाणे चालू असले की टेबलांवरची माणसे आपोआप आवाज चढवतात, भांड्यांची खणखण त्यात मिसळते आणि छत, भिंती गुळगुळीत असतील तर सगळे घुमत राहते. ज्यांचे कान शाबूत आहेत त्यांचा मेंदू त्या कल्लोळातून समोरच्याचे बोलणे वेगळे काढतो. श्रवणयंत्र लावणाऱ्याला हे फार कष्टाने करावे लागते, कारण यंत्र आवाज मोठा करून देते, पण कोणता आवाज महत्त्वाचा हे त्याला पूर्णपणे कळत नाही. अशा जेवणात वडीलधारी माणसे पहिली दहा मिनिटे प्रयत्न करतात आणि मग हसऱ्या चेहऱ्याने गप्प बसतात. घरच्यांना वाटते की ते मजेत आहेत.

म्हणून काही गोष्टी करून पाहाव्यात, असे सुचवते. निघण्यापूर्वी वडिलांच्या श्रवणतज्ज्ञाकडे एकदा जाऊन या. आजच्या अनेक यंत्रांत गर्दीच्या जागेसाठी वेगळा प्रोग्रॅम बसवता येतो, ज्यात समोरून येणारा आवाज अधिक आणि मागचा कमी घेतला जातो. तो प्रोग्रॅम असेल तर वडिलांची पाठ गोंगाटाकडे आणि तोंड तुम्हा तिघांकडे येईल असे बसवा, आणि तुम्ही शक्यतो भिंतीला टेकून बसा. दुसरे, टेबल चौकोनी आणि लहान घ्या. लांब टेबलाच्या टोकाला त्यांना बसवू नका. तिसरे, उजेड. कमी ऐकू येणारा माणूस नकळत ओठ वाचत असतो, त्यामुळे अंधूक दिव्यांच्या जागी त्याचे ऐकणे आणखी कमी होते, ही गोष्ट पुष्कळांच्या लक्षात येत नाही. सुट्या बॅटऱ्या किंवा चार्जर बरोबर असू द्या, कारण प्रवासाच्या दिवशी यंत्र सकाळपासून चालू असते.

आता माझे मत सांगते. तुमच्या मनात दोन इच्छा आहेत: वडिलांनी तो बँड आत बसून ऐकावा आणि चौघांनी गप्पा मारत जेवावे. एकाच बैठकीत दोन्ही साधण्याचा अट्टहास केला तर दोन्ही अर्धवट होतील. मी तुमच्या जागी असते तर जेवण एका ठिकाणी, बँड नसलेल्या पण भरलेल्या रेस्टॉरंटात, लवकर उरकले असते आणि त्यानंतर तासाभरासाठी गाण्याच्या ठिकाणी काहीतरी गोड मागवून बसले असते. गाणे ऐकताना बोलावे लागत नाही. तिथे वडिलांनी मंचाकडे तोंड करून बसावे; आवाज फार वाटला तर यंत्राचा आवाज कमी करून ऐकावे, पण यंत्र काढून ठेवू नये.

शिउली

श्रवणाताईंशी मी पूर्णपणे सहमत आहे. माझे माहेर कोल्हापूरचे आणि सासर कोलकात्याचे असल्याने दोन्हीकडच्या सवयी मला ठाऊक आहेत, म्हणून जेवणाबद्दल थोडे विस्ताराने लिहिते.

आधी मुलीच्या अपेक्षेविषयी. बाहेरून येणाऱ्या बहुतेकांना वाटते की कोलकात्यात गेल्यावर रात्री बंगाली थाळीच खाल्ली पाहिजे. इथले कुटुंब मात्र शनिवारी रात्री बाहेर पडते ते बहुधा घरी न होणारे जेवण जेवायला, मग ते चिनी असेल, बिर्याणी असेल किंवा पार्क स्ट्रीटचे जुन्या वळणाचे ‘कॉन्टिनेंटल’. युरोपातून आलेले हे पदार्थ इथल्या आचाऱ्यांच्या हातात इतकी वर्षे मुरले आहेत की आता ते इथलेच झाले आहेत. माझ्या सासऱ्यांच्या पिढीला विचारले तर पहिल्या पगाराचे जेवण, लग्नाची बोलणी, नातवाच्या दहावीचा निकाल, सगळे याच रस्त्यावर साजरे झालेले असते.

तुमच्यासाठी माझी पसंती मोकाम्बो. लाल गाद्यांच्या बैठका, प्रत्येक टेबलावर खाली झुकलेला लाल दिवा, पांढऱ्या गणवेशातले जुने वाढपी आणि दर शनिवारी बाहेर ताटकळणारी माणसे असे हे ठिकाण आहे. तिथे आता बँड नाही, पण टेबले जवळजवळ असल्याने माणसांच्या बोलण्याची एकसारखी गुणगुण चालू असते. उजेड कमी आहे हे खरे. तरी दिवा थेट टेबलावर येत असल्यामुळे समोरच्याचा चेहरा दिसतो. वडिलांना आणि मुलीला ‘चिकन आ ला किव्ह’ घ्यायला सांगा. वरून कुरकुरीत दिसणाऱ्या त्या लांबट तुकड्यात वितळलेले लोणी भरलेले असते. वाढपी शेजारी असेल तर त्यालाच कापायला सांगावे, कारण सुरी घुसताच लोण्याची चिळकांडी उडते आणि ती नेमकी पांढऱ्या सदऱ्यावर येते. भेटकी माशाचे प्रकारही तिथे चांगले मिळतात. काटा नसल्याने नागपूरच्या माणसाला ते सोयीचे पडतात.

आईंसाठी भाज्यांचे ऑ ग्रातँ मिळते, म्हणजे पांढऱ्या सॉसमधल्या भाज्यांवर चीज घालून भट्टीत भाजलेला प्रकार. मात्र कॉन्टिनेंटल जेवणात शाकाहारी पदार्थातही अंडे येऊ शकते. मेयोनीज, तळणीचे आवरण, पुडिंग, केक या चारही ठिकाणी विचारून घ्यावे. ‘व्हेज’ एवढेच म्हणून थांबू नका, ‘अंडेही नको’ असे स्पष्ट सांगा. हिंदीत सांगितले तरी चालते. सासूबाई बरोबर असल्या की मी हे मागणी देतानाच सांगते आणि वाढपी न कंटाळता आत जाऊन विचारून येतात.

बंगाली जेवण हवे असेल, आणि ते हवेच, तर ते रविवारी दुपारी जेवा. बंगाली घरात खरे साग्रसंगीत जेवण दुपारचे. सुरुवातीची शुक्तो ही कडसर भाजी तर रात्री पानात घेतही नाहीत. बालीगंजला एका जुन्या बंगल्यात ‘सिक्स बालीगंज प्लेस’ आहे. रविवारी दुपारी तिथे तीन-तीन पिढ्यांची कुटुंबे जेवायला येतात, त्यामुळे तुम्हाला हवी असलेली वर्दळ तिथेही भरपूर असते. आईंसाठी लुची म्हणजे मैद्याची पुरी, खोबऱ्याचे तुकडे घातलेली हरभऱ्याची डाळ, केळफुलाची भाजी, खसखशीत शिजवलेले बटाटे, डाळीच्या वड्यांची रस्साभाजी असे किती तरी आहे. शाकाहारी माणसाला इथे उपाशी राहावे लागते हा समज चुकीचा आहे. फक्त मुगाच्या डाळीत माशाचे डोके घालण्याची पद्धत आहे आणि केळफुलात कोळंबी असू शकते, तेव्हा ‘निरामिष’ हवे असे म्हणून मगच मागवा. डिसेंबरात खजुराच्या रसाचा नवा गूळ आलेला असतो. त्या गुळाचा संदेश किंवा आइस्क्रीम घेतल्याशिवाय उठू नका.

गोंदियाकर

वरील माहितीत थोडी भर घालतो. ‘पीटर कॅट’चे नाव कोणीच घेतले नाही, म्हणून लिहितो, ते मोकाम्बोच्याच मालकांचे आहे आणि 1975 पासून चालू आहे. तिथला चेलो कबाब प्रसिद्ध आहे: लोणी घातलेला मोकळा भात, कबाब, वर अंडे आणि भाजलेला टोमॅटो. मूळ कल्पना इराणची, पण ज्या रूपात ती ताटात येते ते पार्क स्ट्रीटचे. असे असले तरी शनिवारी रात्री वडीलधाऱ्यांना घेऊन तिथे जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. दारात नाव लिहून घेतात आणि पुकारा होईपर्यंत फूटपाथवर उभे राहावे लागते. आठनंतर ही वाट पाहणे तासाच्या पुढे जाऊ शकते आणि बसायची सोय नसते. तो कबाब खायचाच असेल तर मुलीला घेऊन रविवारी उशिरा दुपारी किंवा सोमवारी जावे.

मोकाम्बोलाही शनिवारी रांग असतेच. त्यावर एकच उपाय, तो म्हणजे वेळ. डिसेंबरात इथे पाचच्या सुमारास सूर्य मावळतो, त्यामुळे सात वाजता पूर्ण रात्र वाटते, पण बंगाली कुटुंबे जेवायला साडेआठनंतर निघतात. सातच्या आत दारात पोहोचलात तर बसायला जागा मिळते, आणि तुमचे जेवण चालू असताना दालन डोळ्यांदेखत भरत जाते. रिकाम्या हॉटेलात आल्यासारखे वाटेल ही भीती बाळगू नका. शनिवारी तिथे सात वाजताही रिकामे नसते.

गीतांजलीच्या वेळेचा भरवसा धरू नका. दुपारची गाडी संध्याकाळी लागल्याचे प्रसंग येतात, म्हणून शनिवारी दुपारी दुसरे काहीही ठरवू नका. हावड्याहून सामान घेऊन टॅक्सीनेच जा. नदीखालून जाणारी मेट्रो वडिलांना अवश्य दाखवा, पण ती रविवारी, हात मोकळे असताना. हावडा ते एस्प्लनेड असा तो टप्पा आहे आणि एस्प्लनेडला गाडी बदलली की पुढचेच स्थानक पार्क स्ट्रीट. रात्री परतताना मेट्रोवर विसंबू नका.

बिलाबाबत एक सूचना. जेवणावर पाच टक्के जीएसटी लागतो, तो द्यावाच लागतो. सेवा शुल्क मात्र ऐच्छिक आहे; ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 2022 मध्येच तसे निर्देश दिले आणि दिल्ली उच्च न्यायालयाने 2025 मध्ये ते कायम ठेवले. ते बिलात आपसूक लावलेले दिसले तर काढायला सांगता येते. चांगली सेवा मिळाली तर वाढप्याच्या हातात बक्षिसी द्यावी. त्याच्यापर्यंत ती थेट पोहोचते.

वर्धारोड

सर्वांचे मनापासून आभार. श्रवणाताईंनी लिहिलेले ‘हसऱ्या चेहऱ्याने गप्प बसतात’ हे वाक्य वाचून मी थबकलो, कारण गेल्या वर्षभरात आमच्याकडच्या प्रत्येक लग्नाच्या पंगतीत वडिलांचे नेमके तसेच होते आणि ते मजेत आहेत असेच आम्ही समजत होतो. यंत्रातल्या प्रोग्रॅमसाठी धंतोलीतल्या दवाखान्यात पुढच्या आठवड्याची वेळ घेतली आहे.

शिउलीताई आणि गोंदियाकर यांच्या सल्ल्यानुसार शनिवारी पावणेसातला मोकाम्बो, रविवारी दुपारी बालीगंज असे ठरवतो आहे. आईला केळफुलाच्या भाजीचे ऐकूनच आनंद झाला. तिच्या माहेरी ती होत असे. पीटर कॅट मुलीने सोमवारसाठी मागून घेतले आहे.

प्रश्न उरतो तो ट्रिंकाजचा. जेवण झाल्यावर तिथे फक्त काही गोड किंवा कॉफी मागवून तासभर बसू देतात का, की शनिवारी पूर्ण जेवण मागवावेच लागते? आणि मोकाम्बोतून निघायला नऊ वाजले, तर 76 आणि 71 वर्षांच्या माणसांना त्यापुढे बसवून ठेवणे फार होईल का? आदल्या रात्रीचा रेल्वेप्रवासही झालेला असेल. मुलगी म्हणते की बँडसाठी द पार्क हॉटेलातल्या ‘समप्लेस एल्स’ला जाऊ, पण तो पब आहे आणि तिचे वय पाहता ते योग्य वाटत नाही.

सॉल्टलेककर

पबचा विचार सोडून द्या. बंगालमध्ये मद्यासाठी वयाची अट 21 वर्षांची आहे, त्यामुळे मुलीला दारातच अडवण्याची शक्यता आहे. शिवाय तिथला रॉक बँड आपल्या वडिलांच्या कानांना मुळीच मानवणार नाही.

ट्रिंकाजबाबत आपण विचारलेला प्रश्न थेट त्यांनाच फोनवर विचारावा, कारण गर्दीच्या शनिवारी आणि एखादा विशेष कार्यक्रम असल्यास प्रत्येक टेबलामागे किमान रक्कम ठरवलेली असू शकते. माझा सल्ला असा की मोकाम्बोत जेवण आटोपशीर मागवावे, तिथे गोड घेऊ नये आणि पोटात जागा ठेवून ट्रिंकाजला जावे. म्हणजे तिथे सूप, एखादी तंदुरी थाळी आणि नंतर पुडिंग असे चौघांत मिळून मागवता येईल आणि टेबल अडवून बसल्यासारखे कोणालाच वाटणार नाही. दोन्ही ठिकाणांमधले अंतर चालण्याजोगे आहे. फोन करताना एवढे जरूर सांगा की बरोबर श्रवणयंत्र लावणारे वडील आहेत आणि त्यांना मंच दिसायला हवा, पण ध्वनिवर्धकासमोरची जागा नको. पायऱ्या आणि स्वच्छतागृहाचेही त्याच वेळी विचारून घ्या.

थकव्याविषयी म्हणाल तर निर्णय त्या दिवशीच घ्या. गाडी दोनच्या आत लागली आणि दुपारी दोघांना झोप मिळाली, तर शनिवारीच जा. उशीर झाला तर शनिवारी मोकाम्बोवर थांबा आणि ट्रिंकाज रविवारी संध्याकाळी करा. रविवारी तिथे शनिवारइतकी दाटी नसली तरी टेबले भरतात, आणि बालीगंजचे दुपारचे जेवण अंगावर असल्याने रात्री हलकेच खायचे असते. माझ्या वडिलांना मी रविवारीच नेले होते. गायिकेने मध्यंतरात टेबलाजवळ येऊन त्यांना कोणते गाणे हवे ते विचारले. शनिवारच्या गर्दीत तिला तेवढी उसंत मिळाली नसती. आपल्या वडिलांच्या मनात त्या काळातले एखादे गाणे असेल, तर त्याचे नाव कागदावर लिहून खिशात ठेवा.